आधी मीटर मोजून या: बुधवार पेठेतलं ओव्हन दुरुस्तीचं एक दुकान

तापकीर गल्ली विजेच्या सामानासाठी अख्ख्या पुण्याला ठाऊक आहे. तिथून जरा आत, एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे, त्याबद्दल हे लिहितेय. दुकानाला नाव नाही. दारावर तेलरंगात ‘इस्त्री, गिझर, ओव्हन, मिक्सर दुरुस्त करून मिळेल’ एवढंच आहे. आसपास कुणालाही ‘ओव्हनवाले काका’ म्हणून विचारा, बोट दाखवतील. माझा ओव्हन तिथे दुरुस्त झाला आणि ज्या पद्धतीने झाला ती मला फार पटली. घरी ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) वापरणाऱ्यांनी, त्यातही ऑर्डरी घेणाऱ्या बायकांनी हे जरूर वाचावं.

माझा ओव्हन ४० लिटरचा, १६०० वॉटचा. वर दोन रॉड, खाली दोन रॉड, आत छोटा पंखा, पुढे गोल बटणं. कोथरूडच्या घरून मी दिवाळीच्या आधी नानकटाई करून देते आणि एरवी दर आठवड्याला खपली गव्हाचे पाव. माझ्या लहानपणी आई मळलेलं पीठ डब्यात घालून पेठेतल्या बेकरीत न्यायची आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणायची. ती भट्टी सदा तापलेली असायची. घरच्या ओव्हनमध्ये मात्र सगळं त्या सुरुवातीच्या तापण्यावर येऊन थांबतं. ओव्हन पुरेसा गरम नसताना नानकटाई आत गेली की पीठ धरायच्या आधी तूप वितळतं आणि गोळ्याची पोळी होते. पावाचंही तेच. गरम ओव्हनमध्ये गेल्या गेल्या तो भरभर वर यायला हवा, कारण यीस्ट साधारण ५५ ते ६० अंशांना मरून जातं; जे फुगायचं ते त्याआधी. तापमान रेंगाळलं तर वरची साल आधीच वाळून कडक होते आणि आतला पाव दबून राहतो.

गेल्या पावसाळ्यानंतर या ओव्हनला १८० अंश गाठायला पंचवीस मिनिटं लागायला लागली. नवा असताना चौदा-पंधरा मिनिटांत काम व्हायचं. १४०-१५० पर्यंत तो बरा चढायचा, तिथून पुढे नुसता रखडायचा. आणि दाराजवळच्या ओळीतल्या नानकटाया वरून सोनेरी, पण खालून पांढुरक्या निघायला लागल्या. दाराकडची बाजू नेहमीच किंचित कमी भाजली जाते, पण इतका फरक कधी नव्हता.

आधी कंपनीच्या माणसाला बोलावलं. कंपनीचं नाव इथे घेत नाही. तो आला, ओव्हन लावला, काचेतून आत पाहिलं, हात वर धरला आणि म्हणाला, थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग, गेलाय. किंमत ऐकून मी विचारलं, बदलला की नक्की ठीक होईल का? त्यावर त्याने एक्स्चेंजमध्ये नवीन ओव्हन घेण्याबद्दल सांगायला सुरुवात केली. त्याने एकही स्क्रू काढला नाही, कसलंही माप घेतलं नाही. भेटीचे पैसे तेवढे घेऊन गेला. मला याचा राग आला, अजूनही आहे. माणूस घरी बोलावला, त्याचे पैसे दिले, तर त्याने निदान मीटर तरी लावून पाहावा.

शेजारच्या वहिनींनी बुधवारातल्या काकांचं नाव सुचवलं. इतका जड ओव्हन रिक्षात घालून नेण्याआधी नुसतं विचारून यावं म्हणून मी वनाझहून मेट्रोने गेले. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आणि कसबा पेठ स्टेशनला उतरून चालत जायचं. गाडी लावायच्या कटकटीपेक्षा हे खूप सोपं पडतं.

काका साठीच्या पुढचे असावेत. हातातल्या इस्त्रीवरची नजर न काढता त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग एकामागून एक प्रश्न. “दिवा मध्येच विझतो का, का सारखा चालू राहतो?” “कुठल्या पिनला लावता, मोठ्या का छोट्या?” “मध्ये एक्स्टेन्शन आहे का?” “आत दगड-बिगड ठेवता का पिझ्झाचा?” “खाली फॉइल अंथरता?” आणि शेवटी, “ताई, ओव्हन इतक्यात आणू नका. आधी घरचा मीटर मोजून या. मग सांगतो आणायचा का नाही.”

मीटर मोजायचा म्हणजे जिन्यातला विजेचा मीटर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे छापलेलं असतं. माझ्या मीटरवर ३२०० आहे; तुमच्यावर दुसरा आकडा असू शकेल, तो वाचून घ्या. काकांनी जुन्या पावतीच्या पाठीवर हिशोब करून दिला. १६०० वॉटचा ओव्हन तासाला १.६ युनिट घेतो. १.६ गुणिले ३२०० म्हणजे तासाला ५१२० वेळा, म्हणजे मिनिटाला ८५ वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. चार रॉड प्रत्येकी ४०० वॉटचे, त्यामुळे एका रॉडच्या वाट्याला मिनिटाला २१. एक रॉड मेला तर ६४, दोन मेले तर ४३ च्या आसपास. पंख्याचे आणि आतल्या बल्बचे थोडे वॉट यात धरलेले नाहीत, ते फार नसतात.

मोजताना घरातलं बाकी सगळं बंद हवं. फ्रिज, राउटर, आणि इन्व्हर्टर विसरू नका, कारण तो बॅटरी चार्ज करत असतो. ओव्हनचं बटण वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू राहतील असं ठेवायचं, तापमान सगळ्यात वरच्या आकड्यावर, म्हणजे थर्मोस्टॅट मध्येच तोडणार नाही. मुलाला स्वयंपाकघरात उभं केलं, मी जिन्यात मोबाइलवर मिनिट लावून मोजलं. ५८ आले. पुन्हा मोजलं तरी जवळपास तेवढेच.

५८ म्हणजे ६४ पेक्षाही कमी, म्हणून मी जरा गोंधळले. काकांना फोनवर आकडा सांगितला तर त्यांनी लगेच विचारलं, “व्होल्टेज किती होतं?” आमच्या इन्व्हर्टरवर आकडा दिसतो, तो २२० होता. त्यावर त्यांनी जे समजावलं ते माझ्या फार उपयोगाचं ठरलं. ओव्हनवर लिहिलेले वॉट २३० व्होल्टला असतात. व्होल्टेज खाली आलं की ताकद त्याच्या वर्गाने कमी होते. २२० ला १६०० चे साधारण १४६० वॉट उरतात. २०० ला तर जवळजवळ पाव भाग ताकद गेलेली असते. संध्याकाळी सगळ्या सोसायटीत गिझर आणि एसी चालू असताना केक नीट होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी व्होल्टेज बघावं, ओव्हनमध्ये काही बिघाड नसण्याची शक्यता बरीच आहे. माझ्या बाबतीत २२० ला चारही रॉड चालू असते तर ७८ आले असते, तीन असतील तर ५८ किंवा ५९. म्हणजे एक रॉड गेलेला. ओव्हन अजून कोथरूडमध्येच होता आणि निदान बुधवार पेठेत झालं होतं.

थर्मोस्टॅटचा मुद्दाही त्यांनी फोनवरच निकालात काढला. बहुतेक ओटीजींमध्ये पुढचा लाल दिवा थर्मोस्टॅटच्या पुढे जोडलेला असतो. थर्मोस्टॅटने वीज तोडली की दिवा विझतो. ओव्हन थंड असतानाच दिवा विझत असेल तर थर्मोस्टॅट लवकर तोडतोय, तिथे तो बदलण्यात अर्थ आहे. माझा दिवा पंचवीस मिनिटं सलग चालू राहायचा. म्हणजे थर्मोस्टॅट वीज सोडत होता, ती पुरेशी उष्णता होऊन बाहेर येत नव्हती. नवा बसवून काडीचा फरक पडला नसता. काही ओव्हनमध्ये हा दिवा नुसता टायमरवर असतो. तसं असेल तर पुन्हा मीटरकडेच बघायचं, वीज तुटली की लुकलुकणं एकदम मंदावतं.

१५० च्या पुढे रखडण्याचं कारण मी मुद्दाम विचारलं, कारण एक चतुर्थांश ताकद कमी झाली तर वेळ इतका का वाढावा हे मला कळत नव्हतं. ओव्हनच्या पत्र्यातून, काचेतून, दाराच्या फटीतून उष्णता सतत बाहेर जात असते, आणि आतलं तापमान जितकं जास्त तितकी ती जास्त जाते. सुरुवातीला तीन रॉडही पुरून उरतात. वर पोचेपर्यंत त्यांची बरीचशी कमाई गळती भरण्यातच जाते आणि तापमान वाढवायला थोडीच शिल्लक राहते. चौथ्या रॉडची उणीव म्हणून शेवटच्या ३० अंशांत सगळ्यात जास्त जाणवते. असं उलगडून सांगणारा माणूस मला दुरुस्तीच्या दुकानात क्वचितच भेटलाय.

त्यांनी विचारलेल्या बाकीच्या गोष्टींबद्दलही सांगते, कारण अनेक घरांत दुखणं तिथेच असतं. १६०० वॉटचा ओव्हन जवळपास ७ अँपिअर घेतो, त्याला १६ अँपिअरची मोठी पिनच हवी. बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर लावला तर वायर गरम होते, ओव्हनला व्होल्टेज कमी मिळतं आणि आग लागायची भीती वेगळीच. हाताला वायर किंवा पिन गरम लागली तर तो बोर्ड वापरायचा नाही. तळाच्या रॉडखाली किंवा जाळीवर घट्ट फॉइल अंथरलं की उष्णता अडते. मोठा ट्रे जाळीच्या चारही कडांना टेकलेला असेल तरी हवा वर-खाली फिरत नाही. दगड किंवा जाड बिडाचा तवा आत असेल तर आधी तो तापतो, मग हवा; त्याचा वेळ वेगळा धरायलाच हवा. दाराची स्प्रिंग सैल झाली असेल तर दारात कागदाची पट्टी धरून दार लावून ओढून बघायची, एका बाजूला ती सहज निसटली तर दार तिथे टेकत नाही. माझं दार ठीक होतं.

तापमान कसं तपासायचं हेही विचारतील कोणी, तर बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. थर्मोस्टॅट बाजूच्या भिंतीजवळ असतो, नानकटाई मध्यभागी. मी रविवार पेठेत बोहरी आळीतून काट्याचा ओव्हन थर्मामीटर घेतलाय, तो जाळीच्या मध्यावर ठेवते. तो नसेल तर साखर वापरता येते. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर ठेवून ओव्हन १७५ वर ठेवला तर पंधरा मिनिटांनी ती तशीच दिसली पाहिजे, १९५ वर वितळली पाहिजे. नेमका आकडा यातून कळत नाही, पण ओव्हन वीस-पंचवीस अंशांनी चुकतोय का हे कळतं.

मग ओव्हन रिक्षाने नेला. काकांनी तो माझ्यासमोरच उघडला, आणि ग्राहकाने समोर बसावं असा त्यांचा आग्रहच असतो. आधी क्लॅम्प मीटरने करंट पाहिला, सात हवा तिथे पाचच्या थोडा वर. मग पिन काढून, बाजूचा पत्रा काढून, प्रत्येक रॉडची एक वायर सोडवून मल्टिमीटर लावला. ४०० वॉटच्या रॉडचा रेझिस्टन्स साधारण १३० ओहम असायला हवा. तीन रॉड १३० च्या आसपास, खालचा दाराकडचा रॉड आतून तुटलेला, काटा हललाच नाही. पांढुरक्या नानकटायांची ओळ नेमकी त्याच्यावरची. बाहेरून तो रॉड अगदी धडधाकट दिसत होता. रॉड म्हणजे स्टीलची नळी, आत नायक्रोमची तार आणि दोघांच्या मध्ये ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. तार आत तुटली तर नळीकडे बघून काहीही कळत नाही. चालू असताना लालसर होत नाही हीच काय ती खूण, आणि भर दिवसा स्वयंपाकघरात तीही नीट दिसत नाही.

शेजारच्या चांगल्या रॉडचा लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा जोड, तोही काळा पडला होता. सैल जोडावर उष्णता होते, त्याने लग जळतो, जळला की आणखी सैल होतो. काकांनी वायरचं जळकं टोक कापलं, नवा लग दाबून बसवला आणि वर फायबरग्लासची स्लीव्ह चढवली. साधी पीव्हीसी वायर साधारण ७० अंशांपर्यंतची असते, ती ओव्हनच्या पोटात वापरलेली दिसली की ते काम ज्याने केलं त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका, असं ते अगदी ठामपणे म्हणाले. नवा रॉड त्यांनी गल्लीतूनच आणवला. लांबी, वॉट आणि टोकाचा आकार जुन्याशी जुळवून पाहिला, पहिला रॉड लांबीला किंचित जास्त निघाला तो परत पाठवला. वाकवून बसवला असता तर मला समजलंही नसतं. शेवटी मेगरने रॉड आणि बॉडी यांच्यात वीज गळत नाही ना ते पाहिलं आणि अर्थिंगची वायर बॉडीला नीट घट्ट केली.

एकच रॉड बदलला. दोन्ही खालचे बदलू का, असं मी विचारलं होतं. “चांगला आहे तो कशाला फेकायचा? जाईल तेव्हा या.” काही ओव्हनमध्ये खालचे दोन रॉड सिरीजमध्ये असतात, तिथे एक गेला की दोन्ही थंड पडतात आणि लुकलुकणं थेट निम्म्यावर येतं, तेव्हाही बदलायचा एकच असतो, हेही त्यांनी सांगितलं.

रॉड, लग आणि मजुरी मिळून ६५० रुपये झाले. कंपनीच्या माणसाने नुसत्या थर्मोस्टॅटचे याच्या दुपटीहून जास्त सांगितले होते. पावती हाताने लिहिलेली, त्यावर रॉडचे वॉट आणि तारीख, तीन महिन्यांची हमी. जुना रॉड कागदात गुंडाळून मला परत दिला. घरी येऊन नवा रॉड पहिल्यांदा खिडक्या उघड्या ठेवून रिकामाच तापवला, कारण थोडा धूर आणि वास येतो. मग जिन्यात जाऊन पुन्हा मोजलं, त्या दिवशीही व्होल्टेज २२० होतं: ७८. थर्मामीटरवर १८० अंश पंधरा मिनिटांच्या आत. त्यानंतरच्या नानकटाया पुढच्या ओळीपासून मागच्या ओळीपर्यंत खालून एकसारख्या बदामी रंगाच्या निघाल्या. मला फार आनंद झाला. दिवाळीच्या ऑर्डरी मी नाही म्हणायच्या बेतात होते, त्या सगळ्या घेतल्या.

उणिवाही सांगायला हव्यात. काका घरी येत नाहीत, ओव्हन आपणच न्यायचा, आणि जिन्याखालच्या त्या दोन उंच पायऱ्या एकट्या बाईला ओव्हन घेऊन चढणं कठीण आहे; सोबत कुणीतरी हवंच. फोन दर वेळी उचलतील असं नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत गर्दी असते, तेव्हा चार-पाच दिवस ठेवून घेतात. डिजिटल पॅनलचे, भिंतीत बसवलेले ओव्हन आणि मायक्रोवेव्ह ते घेत नाहीत, आणि ते आधीच स्पष्ट सांगतात. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो, तो घरीही कुणी उघडू नये. काकांचं बोलणं तुटक आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते रागावलेत असं वाटेल. तसं नसतं, त्यांचं लक्ष कामात असतं.

एक इशारा पावसाळ्यासाठी. रॉडमधली ती पूड ओल धरते. बरेच दिवस बंद असलेला ओव्हन लावताच घरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर तो बायपास करून ओव्हन चालवायचा नाही. वीज बॉडीत येते आहे असाच त्याचा अर्थ घ्यायचा आणि ओव्हन तपासायला द्यायचा. आणि वर सांगितलेल्या घरच्या तपासण्यांमध्ये कुठेही पत्रा उघडायचा नाहीये, हे लक्षात ठेवा. पत्रा काकांनीच उघडावा.

जाताना हे बरोबर ठेवा: ओव्हनच्या मागच्या पट्टीचा फोटो, ज्यावर व्होल्ट आणि वॉट असतात, मीटरवरचा छापील आकडा, मिनिटाला दिवा किती वेळा लुकलुकला तो आकडा आणि त्या वेळचं व्होल्टेज. एवढं हातात असेल तर दोन मिनिटांत ते सांगतात की ओव्हन आणा किंवा आणू नका. दुपारी जेवणाच्या वेळेला दुकान बंद असतं, सकाळी अकराच्या सुमारास गेलेलं बरं. ट्रे आणि जाळ्या घरीच ठेवून जा, तिथे त्या ठेवायला जागा नाही.